डोल्या दोनशे होत्या हे कोणी मोजले?

वीस मिनिटांच्या इमर्सिव्ह खेळात, म्हणजे प्रेक्षकाच्या चारही बाजूंना प्रोजेक्टरची चित्रे आणि आवाज उमटवणाऱ्या खेळात, निवेदकाला फार तर चौदाशे शब्द मिळतात. कानाला सोसेल अशा गतीने मराठी निवेदन वाचले, तर मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द होतात. त्यातून संगीताच्या, नुसत्या चित्राच्या आणि श्वास घेण्याच्या जागा वजा केल्या की बोलायला जेमतेम तेरा मिनिटे उरतात. चारही भिंतींवर शहराचा हजार वर्षांचा इतिहास उजळणार, पायाखालून नदी वाहणार, घोड्यांच्या टापा पाठीमागून पुढे येणार, आणि हे सगळे ज्या संहितेवर उभे राहणार ती या लेखाच्या निम्म्याहून थोडी मोठी.

खान्देशातले लोक सुट्टीत बाहेर जातात, असे इमर्सिव्ह शो पाहून येतात आणि विचारतात, की आपल्याकडे हे का नाही? प्रश्न रास्त आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सांगण्यासारखे इतके काही आहे की असा एक खेळ नव्हे, तीन व्हावेत. नव्या पद्धतीने गोष्ट सांगणे आपल्याला अनोळखीही नाही. जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ पासून उभे असलेले गांधीतीर्थ दृक्‌श्राव्य साधनांनीच एका माणसाचे आयुष्य उलगडते. त्याच्याही आधी, डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साहित्यातून सगळा परिसर सजवला होता. तेव्हा खेळ व्हावा, आणि गरज पडली तर सार्वजनिक पैशातूनही व्हावा. आमची अट एकच आहे: दाखला, म्हणजे कोरलेला किंवा लिहिलेला पुरावा, आणि आख्यायिका या दोन गोष्टी प्रेक्षकाला अंधारात बसूनही वेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत.

या अटीमागे कारण आहे. ध्वनिप्रकाशाचा पहिला खेळ १९५२ मध्ये फ्रान्समधल्या शांबोर राजवाड्यात झाला आणि आपल्याकडे दिल्लीच्या लाल किल्ल्यात तो १९६५ मध्ये आला. त्या खेळांत वास्तू खरी होती. निवेदक काहीही म्हणाला तरी समोर दगड उभा होता, त्याची उंची दिसत होती, पडझड दिसत होती. ऐकलेले शब्द डोळ्यांपुढच्या दगडाशी ताडून पाहता येत. आजचा इमर्सिव्ह शो बंद दालनात होतो. तिथे किल्लाही प्रकाशाचा आणि त्याची पडझडही प्रकाशाची. ताडून पाहायला काही उरत नाही. पुस्तकात तळटीप असते. कीर्तनात बुवा सरळ सांगतात, की अशी कथा आहे. डफावर ‘वही’ हे खान्देशी लोकगीत गाणाऱ्यासमोर बसलेल्या माणसाला पक्के ठाऊक असते की हे गाणे आहे, जमाखर्चाची वही नाही. अंधाऱ्या दालनात मात्र एकच भारदस्त आवाज सगळे सांगतो. शिलालेखातली ओळ आणि चारशे वर्षांनी रचलेली गोष्ट त्याच सुरात आणि त्याच झगझगाटात येतात. सातवीतला मुलगा बाहेर पडतो तेव्हा दोन्ही त्याच्या डोक्यात एकाच कप्प्यात बसलेल्या असतात.

असीरगडाचे उदाहरण घ्या. किल्ला आज मध्य प्रदेशात आहे, पण जुन्या खान्देशची किल्ली तोच. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आसा अहीर नावाचा मोठा पशुपालक गडावर राहत होता, दुष्काळात त्याने आपली धान्याची कोठारे लोकांना खुली केली. फारुकी घराण्याच्या नसीर खानाने त्याच्याकडे आपल्या बायकामुलांसाठी आसरा मागितला. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरच बायका आल्या. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या आल्या, त्यांत हत्यारबंद शिपाई होते. स्वागताला आलेला आसा आणि त्याचे मुलगे मारले गेले.

डोळ्यांसमोर आणा: रात्र, मशाली, चढणीवरची डोल्यांची रांग, आणि प्रेक्षक मधोमध. इमर्सिव्ह खेळासाठी याहून चांगला प्रसंग खान्देशात सापडणार नाही. पण ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती फिरिश्त्याच्या इतिहासातून. तो विजापूरच्या दरबारात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहीत होता आणि घटना १४०० च्या आसपासची. मधे दोन शतके गेली. शिवाय डोल्यांतून शिपाई नेण्याची हीच युक्ती शेरशहाने १५३८ मध्ये बिहारमधल्या रोहतासगडावर केली असेही सांगतात. एकाच साच्याची गोष्ट दोन गडांवर ऐकू आली, की ती लोककथेच्या वाटेने हिंडली असण्याची शक्यता वाढते. डोल्या दोनशेच होत्या हे चढणीवर उभे राहून कोणी मोजलेले नाही.

मग पक्के काय? तापीकाठच्या थाळनेरला सुरू झालेली फारुकी सत्ता पुढे असीरगडावर गेली आणि तिथे दोनशे वर्षे टिकली. जानेवारी १६०१ मध्ये गड अकबराच्या हाती आला आणि शहजादा दानियालच्या नावावरून खान्देशचे ‘दानदेश’ असे नामकरण झाले. बुऱ्हाणपूर शहर वसले आणि त्याला खुलदाबादेत चिरनिद्रा घेतलेल्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव मिळाले. आणि त्याच बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत, १५९० च्या सुमारास, अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरला गेला. त्यात फारुकी राजांची वंशावळ आहे, तिथी-वार-नक्षत्रासह पंचांग आहे. हा लेख आजही जाऊन पाहता येतो.

आमचा आग्रह असा, की डोल्यांचा प्रसंग दाखवाच, पण त्याच्या शेजारी हा संस्कृत लेखही दाखवा. एकटा डोल्यांचा प्रसंग विश्वासघाताची चीड पेटवून प्रेक्षकाला बाहेर सोडतो, आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीची ती चीड आजच्या शेजाऱ्याच्या नावावर जमा होते. त्याच घराण्याने मशिदीत कोरवलेले पंचांग पाहिलेला माणूस जास्त गुंतागुंतीचे, आणि म्हणून जास्त खरे, चित्र घेऊन घरी जातो. चौदाशे शब्दांत या दोन्हींना मिळून अडीचशे शब्द पुरतात. जागा नाही ही सबब इथे चालणार नाही.

दुसरे उदाहरण पाटणादेवीचे. चाळीसगावहून १८ किलोमीटरवर, गौताळ्याच्या डोंगरपायथ्याशी पाटण आहे. भास्कराचार्य आणि त्यांची लीलावती म्हटले की घटिकापात्राची गोष्ट येणारच: मुलीच्या लग्नाचा मुहूर्त साधायला पाण्यात छिद्राचे भांडे सोडले, वाकून पाहताना तिच्या दागिन्यातला मोती भांड्यात पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला, आणि बापाने तिचे नाव अजरामर करायला ग्रंथ लिहिला. ग्रंथ ११५० मधला. ही गोष्ट मात्र त्याच्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत भेटते, आणि अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने ते भाषांतर १५८७ मध्ये केले. मधले अंतर चार शतकांहून जास्त.

पाटणला मात्र दगडावर कोरलेला लेख आहे, शके ११२८ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापला आणि निकुंभ राजांनी त्याला उत्पन्न लावून दिले, असे त्यात आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे: ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’, म्हणजे या पाटणात जो विक्रीचा माल उघडला जाईल, त्यावरचा राजाचा वाटा मठाला दिला. बाजारातल्या गिऱ्हाइकांच्या पैशावर गणिताची शाळा चालवण्याची ही सोय, आणि तीही आपल्या भाषेत आठशे वर्षांपूर्वी कोरलेली. मोत्याच्या गोष्टीत रडू येते हे खरे, पण काळोख्या दालनात ही ओळ जुन्या उच्चारात, सावकाश, संगीताशिवाय वाचली गेली तर अंगावर काटा येईल. बहुतेक संहिता मोती घेतात आणि ही ओळ सोडतात. ती निवड आळसाची असते, लोकांच्या आवडीची नव्हे. लोकांना ही ओळ कोणी ऐकवलेलीच नाही.

आता तंत्राकडे वळू, कारण हा भेद टिकतो किंवा बुडतो तो तिथेच.

पंधरा मीटर लांब, दहा मीटर रुंद दालन धरा, चित्राची उंची चार मीटर. चारही भिंती मिळून पन्नास मीटर. सोळास-दहा प्रमाणाचे चित्र चार मीटर उंच केले की ते ६.४ मीटर रुंद होते. शेजारच्या चित्रांचा सांधा दिसू नये म्हणून दोन्ही चित्रे एकमेकांवर साधारण तेरा टक्के चढवावी लागतात. म्हणजे एका प्रोजेक्टरमागे साडेपाच मीटर भिंत हाती लागते आणि चार भिंतींना नऊ प्रोजेक्टर लागतात. जमिनीवरच्या चित्राचे वेगळे. पाच हजार लुमेनचा प्रोजेक्टर नवा असताना या आकाराच्या चित्रावर दोनशेच्या आतबाहेर लक्स उजेड देतो. धूळ, भिंगाचे नुकसान आणि वय यांमुळे तो काही वर्षांत शंभरावर येतो. अंधाऱ्या दालनात शंभर लक्स पुरतात, पण दाराच्या फटीतून किंवा पांढऱ्या छतावरून उजेड परतला की काळा रंग राखाडी होतो आणि रात्रीचे प्रसंग धुऊन निघतात. म्हणून छत गडद, गालिचा गडद, आणि दाराला दुहेरी पडदा.

चित्रातला एक ठिपका या आकाराला ३.३ मिलिमीटरचा होतो. प्रोजेक्टर ज्या कंसावर टांगला आहे तो एक दशांश अंशाने जरी हलला, तरी पाच मीटरवर चित्र जवळजवळ नऊ मिलिमीटर सरकते. सांध्यावर रेषा दुहेरी दिसू लागतात. कंस हलतो तो ट्रकच्या हादऱ्याने, दार आपटल्याने आणि मे महिन्यात पत्र्याचे छत तापून पसरल्याने. म्हणून कंस पत्र्याच्या कैचीला नव्हे, काँक्रीटच्या तुळईला बांधावेत आणि दर आठवड्याला जुळणीचे जाळीचित्र लावून सांधे तपासावेत. अर्ध्या तासाचे काम आहे. ते होत नाही तिथे सहा महिन्यांत शिलालेखाची अक्षरे वाचेनाशी होतात, आणि शिलालेख वाचता येत नसेल तर तो दाखवून उपयोग काय?

उष्णतेचा हिशेब खान्देशात वेगळाच मांडावा लागतो. नऊ प्रोजेक्टर साधारण चार किलोवॉट उष्णता सोडतात, पन्नास माणसे पाच, संगणक आणि ध्वनियंत्रणा दीड. एक टनाचे वातानुकूलन साडेतीन किलोवॉट उचलते, तेव्हा नुसत्या आतल्या उष्णतेलाच तीन टन गेले. बाहेर ४४ अंश असताना छतातून आणि ताज्या हवेबरोबर येणारा ताप धरला तर याच्या दुप्पट-अडीचपट क्षमता हवी. ती नसेल तर प्रोजेक्टर स्वतःला वाचवण्यासाठी आधी प्रकाश कमी करतो, मग बंद पडतो, आणि हे नेमके उन्हाळ्याच्या सुट्टीत, गर्दीच्या दिवसांत होते. कापसाचा हंगाम दुसरा शत्रू. जिनिंगच्या दिवसांत हवेतला तंतू हवा गाळणाऱ्या जाळीवर थर धरतो; त्या चार महिन्यांत जाळ्या पंधरा दिवसांनी झटकायला हव्यात. वीज दोन सेकंद गेली तरी चित्र पुरवणारे संगणक पुन्हा सुरू होऊन एकमेकांशी जुळायला पाच मिनिटे घेतात. तेवढ्यात प्रेक्षक उठतो. वातानुकूलन जनित्रावर गेले तर चालेल, पण संगणक आणि त्यांचे जाळे बॅटरीवर असलेच पाहिजे.

पण खरी मेख आवाजात आहे. चित्र उमटावे म्हणून भिंती गुळगुळीत आणि टणक लागतात, आणि टणक भिंतींत आवाज घुमतो. या मापाच्या मोकळ्या दालनात एक शब्द विरायला तीन सेकंद सहज लागतात. निवेदन स्पष्ट कळायला हा काळ एका सेकंदाच्या आसपास हवा. भिंतींना हात लावता येत नाही, तेव्हा सगळे शोषण छताकडून करून घ्यावे लागते: दीडशे चौरस मीटर छत पूर्णपणे खनिज-लोकरीच्या फळ्यांनी मढवले, खाली जाड गालिचा घातला, की हिशेब जवळजवळ जमतो. खर्च प्रोजेक्टरांच्या मानाने थोडा आहे. तरीही काटछाट होते तेव्हा पहिल्यांदा याच ओळीवर काट मारली जाते, कारण छत कोणाला दिसत नाही.

याचा आमच्या मुद्द्याशी थेट संबंध आहे. ‘असे सांगतात’, ‘अशी आख्यायिका आहे’ हे शब्द वाक्याच्या टोकाला येतात, हळू आवाजात येतात, आणि त्यांच्याखाली ढोल वाजत असतो. घुमणाऱ्या दालनात गिळले जातात ते नेमके हेच शब्द. उरते ‘दोनशे डोल्या गडावर चढल्या’. संहिता प्रामाणिक असूनही छताने तिचा इतिहास करून टाकलेला असतो. म्हणून भेद नुसत्या शब्दांवर सोपवू नये.

त्यासाठी करता येण्यासारखे बरेच आहे. दाखल्याचा मजकूर एका व्यक्तीने वाचावा, सन आणि साधन सांगून: शके ११२८, पाटणचा लेख. आख्यायिका दुसऱ्या आवाजाने सांगावी, आजीच्या वयाच्या, आणि शक्य तिथे अहिराणीत. ‘लोक सांगतस’ एवढे कानावर पडले की बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना कळते आता कुठल्या दारातून आत शिरलो. चित्रही वेगळे हवे. दाखल्याला छायाचित्रे, शिलालेखाचे ठसे, कागदांच्या प्रती. आख्यायिकेला रेषाचित्रे, सावल्यांचा खेळ, गोधडीवरच्या ठिगळांसारखी रंगसंगती. ढोल निवेदनापेक्षा निदान दहा डेसिबलने खाली ठेवावा. दोन्हींच्या मधे तीन सेकंद अंधार आणि शांतता.

आणि एक बंधन कडक पाळावे: ज्याचे समकालीन चित्र नाही, त्याला खऱ्यासारखा दिसणारा चेहरा देऊ नये. फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा कसा दिसत होता, चांगदेव कसा होता, आसा अहीर कसा होता, याचा आधार नाही. आता संगणकाकडून पाच मिनिटांत तेजस्वी डोळ्यांचा, भरघोस दाढीमिशांचा चेहरा करून मिळतो. तो एकदा बारा फुटी भिंतीवर हलला-बोलला, की पुढच्या पिढीच्या मनात तोच कायम राहतो, आणि शाळेच्या भिंतीवरही तोच रंगवला जातो.

थाळनेरचा १८१८ चा प्रसंग मांडणे सगळ्यांत अवघड, आणि म्हणून आम्हाला तो सर्वांत मोलाचा वाटतो. मंदसोरच्या तहाने होळकरांचा इथला मुलूख इंग्रजांकडे गेला, तरी थाळनेरचा किल्ला खाली झाला नाही. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने तोफा लावल्या. किल्लेदार तुळशीराम मामा शरण आला. इंग्रज अधिकारी दिंडीदरवाजातून आत गेले, तिथे अरब शिपायांशी बोलणे होऊ लागले, एकाची भाषा दुसऱ्याला कळेना, आणि हत्यारे चालली. त्यानंतर आतली सगळी शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिले गेले. शरण आलेल्या माणसाला फाशी का, हा प्रश्न तेव्हा इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेला. इथे दाखला भरपूर आहे, पण तो जवळजवळ सगळा एका बाजूने लिहिलेला आहे. हा प्रसंग इमर्सिव्ह दालनात दोनदा दाखवावा: एकदा दिंडीबाहेरून, इंग्रजी अहवालातल्या शब्दांत, एकदा आतून, न कळणाऱ्या भाषेच्या गलक्यात, एका शब्दाचाही अनुवाद न करता. चारही बाजूंनी आवाज सोडण्याची सोय असलेल्या दालनाखेरीज हे कुठेच साधणार नाही. तंत्राला असे काम दिले तर त्याच्यावरचा खर्च सार्थ आहे.

अस्तंब्याबद्दल मात्र हात आखडता घ्यावा. अश्वत्थामा असीरगडावर येतो असे सांगतात, तसे सातपुड्यात अस्तंबा शिखरावर त्याचे ठाणे आहे आणि दिवाळीत हजारो लोक तिथे पायी चढतात. काठी गावच्या राजवाडी होळीचेही तसेच. चढणाऱ्यांसाठी ही श्रद्धा आहे, आज पाळली जाणारी. तिला ‘दंतकथा’ म्हणून पिसांचे टोप आणि ढोलांसह भिंतीवर फिरवणे म्हणजे जिवंत माणसांना देखावा करणे. दाखवायचे असेल तर तिथल्या गावांना विचारून, त्यांच्या भिलोरी-पावरीत, त्यांच्याच आवाजात. ते नको म्हणाले तर नको.

भाषेचा प्रश्न नंदुरबारात आणखी ठळक होतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबरची मुले गोळीबारात गेली, तेव्हा मिरवणुकीत गुजराती घोषणा होत्या. गाव तसेच होते, अनेक भाषांचे. खेळात त्या घोषणा मराठी करू नयेत. उलट सगळ्या खान्देशी खेळांत एका भाषेत सगळे उरकण्याऐवजी दिवसाच्या फेऱ्या वाटून द्याव्यात: मराठी, अहिराणी, हिंदी. हेडफोनसारखी कानयंत्रे देऊन एकाच वेळी तीन भाषा चालवता येतात, पण ती हरवतात, तुटतात, उवांच्या भीतीने लोक लावत नाहीत, आणि भोवतालचा आवाजही बंद करतात. फेऱ्या वेगळ्या ठेवणे स्वस्त आणि टिकाऊ. एक खबरदारी घ्यावी: चित्राचा काळ ठरवताना पंधरा टक्के मोकळी जागा सोडावी, कारण तोच मजकूर प्रत्येक भाषेत वेगळी लांबी घेतो.

आक्षेप येतो, की लोकांना इतका तपशील नको असतो, त्यांना थरार हवा असतो. दोनशे डोल्यांचा थरार ‘लोक सांगतस’ म्हटल्याने कमी होत नाही. आजीच्या गोष्टीतला राक्षस खोटा आहे हे माहीत असूनही पांघरूण डोक्यावरून घेतलेच जाते. दुसरा आक्षेप पैशाचा: नळाला पाणी नाही आणि प्रोजेक्टर कशाला? याला सोपे उत्तर नाही, आणि ज्या गावात आठवड्यातून एकदा पाणी येते तिथे पाण्याचीच योजना आधी व्हावी. पण खेळ होणारच असेल, तर पाणी हाच त्याचा विषय का नसावा? पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाळीने वाटून घेत शेते भिजली. १८८४ मध्ये तरुण विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला खान्देशातच आले आणि दातर्तीला पांझरेच्या प्रवाहाखालून नळ टाकण्याचे काम त्यांनी केले. नदीच्या तळातून जाणारे पाणी प्रेक्षकाच्या डोक्यावरून वाहताना दाखवणे या दालनाला सहज जमेल. त्यात एकही लढाई नाही.

खर्चाचा क्रम उलटा करायला हवा. निविदा निघते ती यंत्रांची, आणि ‘आशय’ ही त्यात एक ओळ असते. मग यंत्रे बसवणाराच घाईघाईने कुठून तरी मजकूर जमवतो. धुळ्यासारख्या शहरात तरी हे होऊ नये. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच शहरात देह ठेवला, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथेच आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितांचा साठा आहे. आधी सहा महिने संहितेला द्यावेत. प्रत्येक वाक्यासमोर साधन लिहावे, आणि साधन नसेल तिथे ‘आख्यायिका’ असा शिक्का मारावा. ती संहिता महिनाभर जिल्हा ग्रंथालयात आणि तालुक्याच्या वाचनालयांत वाचायला ठेवावी, हरकती घ्याव्यात, उत्तरे लेखी द्यावीत. मग एखाद्या शाळेच्या सभागृहात एक भाड्याचा प्रोजेक्टर, पांढरी चादर आणि दोन वाचक घेऊन तीन-चार प्रयोग करावेत. मुले कुठे चुळबूळ करतात, कुठल्या वाक्याला म्हातारी माणसे मान हलवतात, कुठे शेजारचे एकमेकांकडे पाहतात, हे तिथे हजारात कळते. नंतर कळले तर लाख लागतात. आणि देखभालीसाठी दरवर्षी उपकरणांच्या किमतीच्या दहा-बारा टक्के रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढलेली असावी. लेसर प्रोजेक्टरचा उजेड साधारण वीस हजार तासांनी निम्म्यावर येतो. दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर आठ वर्षे. उजेड उतरू लागतो तेव्हा नाजूक रेषाचित्रे आधी मरतात आणि भडक दृश्ये टिकतात, म्हणजे आपण कष्टाने ठेवलेला भेद पुन्हा पुसला जातो. प्रोजेक्टर बदलायची तारीख करारात लिहिलेली हवी.

तोवर जे कुठे बाहेर जाऊन असा खेळ पाहणार आहेत, त्यांच्यासाठी थोडे. दालनाच्या ऐन मध्यावर बसू नका. लांबीच्या दोन-तृतीयांशावर, पाठ भिंतीकडे ठेवून बसले की तीन भिंती नजरेत राहतात आणि आवाजही समतोल येतो. चारही बाजूंची चित्रे एकदम सरकली की काहींना गरगरते, कारण डोळ्यांना वेग दिसतो आणि कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाला शरीर स्थिर असल्याचे कळत असते. अशा वेळी बाहेर जाण्याच्या दिव्याकडे किंवा स्वतःच्या पायांकडे पाहावे. घरात कोणाला फिट येत असेल तर तिकीट घेण्याआधी विचारा, की सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट होणारे दृश्य आहे का. चार वर्षांखालच्या मुलांना टापांचा आवाज पाठीमागून आला की भीती वाटते, त्यांना मांडीवर घ्या. आणि निवेदनातले आकडे ऐका. सन सांगितला का, कोणी लिहिले ते सांगितले का, ‘म्हणतात’ हा शब्द किती वेळा आला? संपल्यावर हे तिथल्या अभिप्रायवहीत लिहा, नाव-गावासह.

आपल्याकडचा खेळ झाला, तर बाहेर पडण्याच्या वाटेवर दालनातल्याच उजेडाची एक लांब भिंत असावी. तिच्यावर खेळात आलेल्या प्रत्येक जागेचे साधे छायाचित्र, आजच्या स्थितीतले, झाडोऱ्यासकट. थाळनेरच्या अष्टकोनी कबरीचे, तापीच्या काठावरच्या ढासळत्या तटाचे, पाटणच्या लेखाचे. खाली किलोमीटर, आणि एसटी कुठून सुटते ते.